उभी वाघीण

३ ऑगस्ट

चि. धाकटीस,

आशीर्वाद. वयाने मोठा असल्यामुळे ते द्यावे लागतात, तुझ्या वागणुकीशी त्यांचा संबंध जोडू नकोस.

परवा तुझा फोन आला होता. तुझी वहिनी 'तुमच्याशी बोलायचं म्हणतायत' असं म्हणत मागे लागली होती, पण मी मुद्दाम घेतला नाही. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. पत्रात निदान पूर्णविराम माझ्या हातात असतो.

तर बातमी अशी की छत्तीस वर्षं पोरांच्या डोक्यात पदार्थविज्ञान कोंबून निवृत्त झालेल्या तुझ्या भावाची आता सरकारदरबारी किंमत कळली आहे. अपघातांची चौकशी करणाऱ्या कचेरीने मला 'बाह्य तज्ज्ञ' नेमलं. दोन वाहनांची टक्कर झाली की मापं, वजनं, फोटो अशी सगळी फाइल घरी येते. माणसांची, गावाची नावं काळ्या शाईने झाकलेली असतात, म्हणजे तज्ज्ञाच्या मनात कोणाविषयी काही येऊ नये. मी गणित करतो, कोणाचा वेग किती होता ते सांगतो आणि सही ठोकतो. आजवर तीन फायली हातावेगळ्या केल्या. तिसरी तर इतकी सरळ होती की चहा निवायच्या आत संपली.

एकदा येऊन जा. टेबल तेच आहे. आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं एकमेकांवर आपटून मी तुला टक्कर शिकवली होती, आठवतं का? मी शिकवली म्हणतोय, तू शिकलीस असा माझा दावा नाही. पायऱ्या न लिहिता उत्तर ठोकून देणाऱ्यांचं पुढे काय होतं, हे मी जन्मभर वर्गाला सांगत आलो. उदाहरण घरातलं आहे हे मात्र कधी सांगितलं नाही, एवढा मोठेपणा माझ्याकडे आहे.

इंजिन नीट चालव.

दादा

११ ऑगस्ट

ती. दादा,

साष्टांग नमस्कार कागदावरच घालते, कारण डावा गुडघा अजून वाकत नाही.

तू तज्ज्ञ झालास हे वाचून भरून आलं. घरात तर तू जन्मापासूनच तज्ज्ञ होतास, आता बाहेरच्यांनाही भोगू दे.

इंजिन नीट चालव म्हणतोस, पण सध्या मी शिक्का चालवते. बारा जुलैला यार्डात माझ्या इंजिनाची एका भरलेल्या वाघिणीशी टक्कर झाली. दचकू नकोस, मालगाडीच्या डब्याला आम्ही वाघीण म्हणतो. मोठ्या गोदामाच्या कोपऱ्यावर रूळ वळतो आणि पलीकडचं काही दिसत नाही. मी वळले तर वाघीण नाकासमोर. यार्डात ताशी आठपर्यंत चालवायची मुभा आहे, मी सहावर होते. ब्रेककडे हात जायच्या आत धडक बसली. माझा गुडघा लोखंडावर आपटला, इंजिनाच्या पुढच्या दिव्याचा चुरा झाला. वाघिणीला काही झालं नाही.

जबानीत मी सांगितलं, 'वाघीण माझ्या अंगावर आली.' कारकुनाने ते वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं, 'भावनिक भाषा'. मग सगळे कागद एका तज्ज्ञाकडे गेले. आमची नावं त्याच्यापासून झाकलेली, त्याचं नाव आमच्यापासून झाकलेलं. दोन्हीकडून बुरखे घालून न्याय चालला आहे. त्याच्या अहवालातला मजकूर तुझ्या करमणुकीसाठी उतरवून देते.

'इंजिन व वाघीण यांचे वजन प्रत्येकी तीस टन. धक्का झेलणारे बफर जेवढे दबले आहेत त्यावरून धडकेचा वेग ताशी बारा किलोमीटर. खिडकीकडील दिशा धन मानली आहे. चालकाने मर्यादेच्या दीडपट वेगाने इंजिन हाकले हे सिद्ध होते. धडकेनंतर दोन्ही वाहने पुढे न जाता थांबली, त्याअर्थी चालकाने घाबरून ब्रेक दाबला असावा.'

आमच्या यार्डात खिडकी कुठली, ते त्या महापुरुषालाच ठाऊक. आणि 'घाबरून' हा शब्द बघ. सव्वीस वर्षं इंजिनावर काढली मी. त्या गृहस्थाने इंजिन बहुधा कॅलेंडरवर पाहिलं असेल.

माझा परवाना साहेबांच्या कपाटात कुलूपबंद आहे. वीस सप्टेंबरला सुनावणी. अहवाल आहे तसा उचलला, तर परवाना कायमचा रद्द आणि निवृत्तीपर्यंतची चार वर्षं आवक-जावक खोलीत. सध्या मला तिथेच बसवलं आहे. आलेल्या कागदावर 'आले' आणि गेलेल्या कागदावर 'गेले' असा शिक्का मारायचा. खिडकीतून माझं इंजिन दिसतं, दुसराच कोणी तरी त्याला आचके देत चालवतो. मला या खोलीत चार वर्षं काढता येणार नाहीत, दादा. थट्टा करत नाही, खरंच सांगते.

तू तज्ज्ञ आहेस म्हणून विचारते. हा माणूस शिकलेला असेल, की नुसता वयस्कर?

आता पायऱ्यांविषयी. नववीत तू माझा पेपर तपासलास, तुझी नोकरी नवी होती तेव्हा. सारख्या वजनाचे दोन चेंडू सारख्या वेगाने समोरासमोर येऊन एकमेकांना चिकटतात, पुढे त्यांचा वेग किती? मी लिहिलं, 'शून्य. दोघं थांबतात.' तू चारपैकी शून्य दिलास आणि वर्गात वाचून दाखवलंस, 'उत्तर शून्य, गुणही शून्य, बेरीज करायला सोपं.' सगळा वर्ग हसला. उत्तर बरोबर होतं. हे आपलं सहज आठवलं म्हणून.

धाकटी

२६ ऑगस्ट

चि. धाकटीस,

उत्तराला उशीर झाला, घसा धरला होता. पत्र घशाने लिहीत नाहीत हे मला माहीत आहे, तू लिहायची गरज नाही.

गुडघ्याला शेक देत जा. फोन त्यासाठीच केला होतास का?

अहवालाविषयी माझं मत विचारलंस. भाषा नेटकी आहे. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. लिहिणारा अभ्यासू दिसतो, आणि वयस्कर असला तर तो काही गुन्हा नाही. बफर किती दबले त्यावरून इतकंच कळतं की दोन वाहनं एकमेकांजवळ किती वेगाने आली. आता त्यातलं एक वाहन स्थिर असेल, तर तो सगळा वेग दुसऱ्याचाच असणार, शेजारचा कोणी आणून देत नाही. तुमच्या मुकादमाने 'वाघीण उभी होती' असं सहीनिशी लिहून दिलं असेल, तर त्या बिचाऱ्या तज्ज्ञाने काय वाघिणीची मुलाखत घ्यायची? तेव्हा उगाच कोणाला महापुरुष वगैरे म्हणू नये.

तुझा सहाचा आकडा कशावरून आहे, काट्यावरून की मनावरून?

नववीचा पेपर तुला अजून आठवतो याचं आश्चर्य वाटलं. त्या प्रश्नात पायऱ्यांना तीन गुण होते आणि उत्तराला एक. तो एक द्यायला हवा होता, असं कोणी म्हणू शकेल.

त्या आवक-जावक खोलीत उजेड असतो ना?

दादा

१ सप्टेंबर

ती. दादा,

कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कर. पंधरा दिवस धरलेला घसा साधा नसतो.

सहाचा आकडा काट्यावरून आहे. मनावरून चालवलं असतं तर चाळीस निघाला असता.

त्या तज्ज्ञाची तुला फारच कणव आली. तुम्हा लोकांची काही संघटना वगैरे आहे का? बाकी 'वाघीण उभी होती' हे मुकादमाचे शब्द तू घरबसल्या कसे ताडलेस, याचं मला कौतुक वाटलं. कागदावर अगदी हेच शब्द आहेत, काना-मात्रेचाही फरक नाही. याला म्हणतात व्यासंग.

आणि मुकादम खोटं बोललेला नाही. खोटं बोलायला आधी थोडा विचार करावा लागतो. वाघीण उभीच होती, आणि ती माझ्या अंगावर आली.

फाइलीत सातव्या पानावर फोटो आहे. तुझ्या त्या अभ्यासू गृहस्थाने तो चहाच्या कपाखाली ठेवला असावा. माझ्या फुटलेल्या दिव्याच्या काचा बघ कुठे पडल्या आहेत, दिव्याच्या बरोबर खाली, एका ढिगात. मी खरंच बाराने जाऊन आदळले असते, तर इंजिन आणि वाघीण मिळून पुढे गेलो असतो आणि काचांचा सडा मागे राहिला असता. आम्ही दोघी तर हातभरही हललो नाही. ब्रेक मी दाबलाच नव्हता. मी गुडघा धरून बसले होते आणि तोंडाने जे म्हणत होते ते वहिनीला कळू देऊ नकोस.

मला एवढं दिसतं, पण कागदावर मांडता येत नाही. पायऱ्या न लिहिणाऱ्यांचं जे होतं ते तू जाणतोसच. तेव्हा पायऱ्या तू लिहून दे. एकोणीस दिवस राहिलेत.

धाकटी

८ सप्टेंबर

चि. धाकटीस,

पायऱ्या लिहायला बसलो, पण लिहिता लिहिता अडलो. म्हणून बटणं काढली. दोन्हींच्या कडांना मेण लावलं, म्हणजे आपटली की चिकटतील. एक मध्यावर ठेवलं आणि दुसरं खिडकीकडे ढकललं. दहा वेळा केलं. दहाही वेळा जोडी खिडकीकडे सरकली.

तुझं म्हणणं मान्य करावं लागतं. स्थिर वाघिणीला त्याच वजनाचं इंजिन बाराने धडकलं, तर दोघांनी मिळून सहाने पुढे जायला हवं. संवेग कुठे तरी जाणारच, तो काही वाफ होऊन उडत नाही. ब्रेक दाबला असता तरी साठ टनांचं धूड दीड-दोन मीटर गेलंच असतं. 'घाबरून ब्रेक दाबला असावा' या वाक्याला काही आधार दिसत नाही. काचा दिव्याच्या बरोबर खाली नाहीत, चार बोटं डावीकडे आहेत, पण ते सोडून देऊ.

मग दोन्ही बटणं दोन टोकांकडून सारखीच ढकलली. ती मध्यावर येऊन चिकटली आणि तिथेच थांबली. तेव्हा दोन्ही वाहनं जागीच थांबली असतील, तर त्याचा एकच अर्थ निघतो. जेवढं इकडून आलं तेवढंच तिकडूनही येत होतं.

पण मुकादम म्हणतो वाघीण उभी होती. तूही म्हणतेस उभी होती. आणि त्याच ओळीत म्हणतेस की ती अंगावर आली. उभी वाघीण चालून कशी येईल? तुम्ही यार्डातली माणसं आधी आपसात काय ते एक ठरवा आणि मला उलट टपाली कळवा.

दादा

ता. क. वन्सं, पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून ही चार अक्षरं खाली घुसडते. आठवडाभर जेवणाचं टेबल बटणांनी अडवलंय आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. आईंच्या डब्यात सारख्या वजनाची मिळाली नाहीत, म्हणून यांनी चांगल्या सदऱ्याची दोन उसवून घेतली. काय बिघडलंय ते मला सांगत नाहीत. काल दाढी करताना आरशात बघून 'नुसता वयस्कर' असं स्वतःशीच म्हणाले. तुम्हाला काही उलगडत असेल तर कळवा, मला तर आता यांची काळजी वाटायला लागलीय. — वहिनी

१२ सप्टेंबर

ती. दादा,

तुझं पत्र वाचलं आणि हातातला शिक्का हातातच राहिला. तीनदा वाचलं. मग एका गेलेल्या कागदावर 'आले' असा शिक्का मारून बसले.

'उभी वाघीण चालून कशी येईल' म्हणून विचारतोस. अरे, येते की. उभी नाही तर कुठली येणार?

आमच्याकडे वाघीण दोनच प्रकारची, जुंपलेली आणि उभी. इंजिन लावलं की जुंपलेली, इंजिन सोडवलं की उभी. मग ती जागेवर असो, नाही तर उतारावरून घरंगळत असो, तिला उभीच म्हणायचं. सव्वीस वर्षं हा शब्द तोंडात आहे, त्यातून कोणी 'न हलणारी' असा अर्थ काढेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी आजवर त्या तज्ज्ञाला मनातल्या मनात काय काय म्हणत आले. त्याला आमची बोली कोणी शिकवलेली नव्हती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एवढंच कबूल करते, याहून जास्त नाही.

आता पुढचं ऐक. गोदामापाशी रूळ हलका उतरता आहे. तिथे वाघीण उभी केली की चाकाखाली लाकडी ठोकळा घालायचा असतो, आणि ते काम मुकादमाचं. त्या दिवशी उकडत होतं. त्याच्या खोलीचं दार वाऱ्याने सारखं लागत होतं, म्हणून ठोकळा त्याने दाराला लावला होता. मी लंगडत तिथे गेले तेव्हा त्याच ठोकळ्याला ठेचकाळले, म्हणून पक्कं माहीत आहे. जबानीत तेही सांगितलं होतं. कारकून म्हणाला, दाराचा इथे काय संबंध?

सुनावणीला आठ दिवस आहेत. मला खरंच भीती वाटायला लागली आहे. त्या अहवालात 'घाबरून' लिहिलंय, तसं आत्ता कुठे होतंय.

धाकटी

१४ सप्टेंबर

धाकटे,

तो तज्ज्ञ मी आहे.

तिसरी फाइल. चहा निवायच्या आत संपवलेली. तुझं अकरा तारखेचं पत्र आलं त्याच दिवशी मला कळलं. घसा उत्तम होता. पहिले पंधरा दिवस मी माझ्या गणितात चूक नाही, हेच पुन्हा पुन्हा तपासत बसलो. चूक नव्हतीच, आणि त्याचंच मला समाधान वाटत होतं, यावरून तुझ्या भावाची पारख कर. एक शब्द वाचला, त्याच्यापुढे वेग शून्य असं मांडलं आणि मोकळा झालो. ब्रेकचं वाक्य तर उत्तर जुळेना म्हणून ठोकून दिलं. आणि 'घाबरून' का लिहिलं, ते मला आजही सांगता येत नाही. मला माफ कर.

छत्तीस वर्षं मुलांना सांगत आलो, आधी प्रश्न नीट वाचा.

आता अडचण अशी आहे. मी नवा अहवाल पाठवला आणि उद्या आपलं नातं बाहेर आलं, तर भावाने बहिणीला वाचवलं म्हणतील आणि तो कागद केराच्या टोपलीत जाईल. नातं लपवून पाठवला तर ती लबाडी, आणि लपवाछपवी महिनाभर करून झाली आहे. म्हणून मी स्वतः येतो. आधी सांगणार की चालक माझी बहीण आहे, तेव्हा माझं एक अक्षरही ऐकू नका. मग त्यांच्या हातात एक चिठ्ठी देणार. तिच्यात मुकादमाला विचारायचा एकच प्रश्न असेल. तो प्रश्न मी बावीस वेळा लिहून बघितला आहे, यातल्या एकाही शब्दाचे दोन अर्थ होऊ नयेत म्हणून.

तू त्या दिवशी काही बोलू नकोस. बोललीस तरी वाघीण अंगावर आली असं म्हणू नकोस, ते खरं असलं तरी.

दादा

२४ सप्टेंबर

ती. दादा,

तू न भेटता पळालास, म्हणून सगळं लिहून कळवणं आलं.

तू आत येऊन 'ही माझी बहीण' म्हणालास तेव्हा चौकशी अधिकाऱ्याचा चेहरा तू पाहिलास. त्याने तुला बाहेर बाकावर बसायला सांगितलं, दार लावून घेतलं, मग तुझी चिठ्ठी उघडली आणि दोनदा वाचली. शेजारी बसलेल्या इंजिनीअर बाईंना दाखवली. त्यांनीही वाचली आणि बंद दाराकडे काळजीने पाहिलं. चिठ्ठीत होतं, 'वाघीण उभी होती, तेव्हा ती हलत होती का?' बावीस प्रयत्नांतून हे निघालं होय? त्यांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

तरी अधिकाऱ्याने विचारलं, सज्जन माणूस आहे. मुकादम लगेच म्हणाला, 'हो साहेब, हलत होती ना. उतार आहे तिथे.'

अधिकाऱ्याने चष्मा काढला. 'तुम्हीच लिहून दिलंय, वाघीण उभी होती.'

'उभीच होती.'

'मग हलत कशी होती?'

मुकादमाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तू आम्हा सगळ्या वर्गाकडे बघायचास. म्हणाला, 'साहेब, इंजिन नव्हतं तिला. उभी वाघीण हलणार नाही तर काय करणार?'

मग इंजिनीअर बाईंनी ठोकळा कुठे होता ते विचारलं, आणि मुकादमाने दाराचं आणि वाऱ्याचं सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. आपण काय सांगतोय हे त्याला शेवटच्या वाक्याला कळलं. बाईंनी सातव्या पानावरचा फोटो बघितला आणि मोठ्याने म्हणत कागदाच्या कडेला मांडलं. सहा इकडून, सहा तिकडून, मिळून बारा, म्हणून बफर तेवढे दबले. तीस टन इकडून, तीस तिकडून, राहिलं शून्य, म्हणून दोघी जागीच थांबल्या. दोन मिनिटं लागली त्यांना. चहा पीत नव्हत्या, त्यामुळे असेल.

परवाना त्याच दिवशी हातात दिला. मी बाहेर आले तर बाक रिकामा. शिपाई म्हणाला, आजोबा दाराला कान लावून उभे होते, दोघी जागीच थांबल्या एवढं ऐकलं आणि डोळे पुसत निघून गेले. उभे होते म्हणजे तुझ्या अर्थाने की माझ्या, ते मी विचारलं नाही.

आता माझंही एक ऐक. तो तज्ज्ञ तू आहेस, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. 'खिडकीकडील दिशा धन मानली आहे.' अरे, असं जगात दुसरं कोण लिहितं? आपलं टेबल खिडकीला लागून असायचं आणि दुसऱ्या टोकाला आई मशीनवर शिवत बसायची. तू म्हणायचास, खिडकीकडे अधिक, आईकडे उणे. आई एकदा मशीन थांबवून म्हणाली होती, 'माझ्याकडे काय उणं आहे रे?' अहवाल हातात पडला त्याच दिवशी तुला शिव्या द्यायला फोन केला, तो तू घेतला नाहीस. मग तुझं ते ऐटबाज पत्र आलं, आणि मी ठरवलं की सांगायचं नाही. चूक दाखवली की तू ती छातीशी घट्ट धरतोस, स्वतःला सापडली तरच सोडतोस. माझा परवाना पणाला लागला होता, मला घाई होती, पण तुझी चूक तुझ्याच हाताने सुटायला हवी होती. आणि खरं सांगू, तू कबूल करतोस का तेही मला बघायचं होतं. महिना लावलास. मधे मला वाटलं होतं की करणार नाहीस, आणि तेव्हा गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं.

काल इंजिनावर चढले. हात लावला आणि रडायला आलं. वळणावर आले तेव्हा ठोकळा चाकाखाली होता, साखळीने बांधलेला. मुकादमाच्या खोलीचं दार दिवसभर आपटत होतं.

धाकटी

३० सप्टेंबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद, आणि या वेळी तुझ्या वागणुकीशी त्यांचा संबंध आहे.

कचेरीचं पत्र आलं, माझं नाव तज्ज्ञांच्या यादीतून काढलं आहे. पत्राची भाषा नेटकी आहे. आधीच्या दोन फायली मी स्वतःहून परत मागवायला सांगितल्या, त्यांतही कोणाचं काही उभं असेल तर बघितलेलं बरं.

पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणतेस. म्हणजे 'महापुरुष' आणि 'नुसता वयस्कर' हे जाणूनबुजून होतं. ठीक आहे. फोन केलास तर आता घेईन. वाक्य पुरं करू दिलं नाहीस तरी चालेल.

बटणं सदऱ्यावर परत शिवली गेली. शिवण्याआधी शेवटचा एक प्रयोग केला, या वेळी आईच्या मशीनकडची दिशा अधिक धरून. उत्तर शून्यच आलं.

त्याअर्थी नववीच्या पेपरची फेरतपासणी पुढीलप्रमाणे. उत्तर बरोबर. पायऱ्या दाखवलेल्या नाहीत, पण त्या विद्यार्थिनीला दिसत होत्या आणि शिक्षकाला दिसत नव्हत्या. चारपैकी चार. सही केलेला कागद सोबत जोडला आहे, त्यावर हवा तर 'आले' असा शिक्का मार.

वर्गात वाचून दाखवायला हवं होतं, पण वर्ग आता उरला नाही. म्हणून तुझ्या वहिनीला समोर बसवून वाचून दाखवलं. ती हसली नाही.

दादा